चाकाची कातडी

कानात इयरफोन घालून एसटीत, लोकलमध्ये किंवा हॉस्टेलच्या गच्चीवर हे ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार, आणि ऐकण्यापेक्षा वाचणं बरं म्हणून इथे आलेल्यांनाही. आजचा भाग बाईकच्या चाकांबद्दल आहे. इंजिन नाही, मायलेज नाही, टॉप स्पीड नाही. फक्त चाकं. आणि तीही रस्त्यावर पळणारी नाहीत, तर रविवारी सकाळी बादली आणि फडकं घेऊन आपण ज्यांच्यासमोर उकिडवे बसतो, ती.

इतिहासाच्या पॉडकास्टवर चाक धुण्याचा भाग कशाला, असं कोणी म्हणेल. म्हणा. पण आधी माझा गुन्हा ऐकून घ्या.

माझा गुन्हा

बाबांकडे 1989 ची येझदी आहे. वयाने ती माझ्यापेक्षा मोठी. आम्ही रत्नागिरीचे, घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. बाबा शिक्षक, आणि शाळा पलीकडच्या गावात. ऊन असो, पाऊस असो, ते येझदीवरच जायचे. दर रविवारी अंगणात गाडी स्टँडवर लावायची, साध्या पाण्याने चाकं धुवायची, कोरडी करायची आणि मग एका डब्यातलं तेलकट फडकं घेऊन एकेक तार पुसायची. एकेक! लहानपणी मला ते भयंकर कंटाळवाणं वाटायचं. "बाबा, चाक कोण बघतंय?" असं मी विचारायचो. ते हसायचे आणि पुढची तार धरायचे.

गेल्या वर्षी बाबा निवृत्त झाले. शाळेत निरोप समारंभ होता. मी पुण्याहून आदल्या दिवशी घरी पोचलो. म्हटलं, उद्या बाबा शेवटचे शाळेत जाणार तर गाडी अशी चमकली पाहिजे की पोरं बघत राहतील. रिमवर तपकिरी ठिपके पडले होते. कुठल्याशा रीलमध्ये पाहिलं होतं, टॉयलेट साफ करायचं लिक्विड लावलं की गंज झटक्यात जातो. लावलं. फेस आला, ठिपके गेले, रिम पांढरीशुभ्र दिसायला लागली. मी फोटो काढला, स्टेटस ठेवलं, आणि झोपलो.

सकाळी उठून बघतो तर रिम पिवळट करडी पडलेली. मधे मधे तपकिरी पट्टे. तारांवर पांढुरकी भुकटी. बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले, खाली वाकले, रिमवर बोट फिरवलं. मला वाटलं आता ओरडणार. ते फक्त म्हणाले, "चल, उशीर होईल." त्या दिवशी आम्ही समारंभाला रिक्षाने गेलो.

दोन दिवसांनी मी गाडी ढकलत गॅरेजवाल्या काकांकडे नेली. त्यांनी चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, "काय लावलंस रे याला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "क्रोम खाल्लंस की! प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला हेच अ‍ॅसिड वापरतात. तू घरच्या घरी फुकटात उतरवलंस."

तिथून माझं वाचन सुरू झालं. क्रोम म्हणजे नक्की काय? ते चाकावर आलं कुठून? त्याच्या आधी लोक काय करायचे? आणि बाबांच्या त्या तेलकट फडक्यात असं काय होतं जे माझ्या बाटलीत नव्हतं?

लाकूड, मग तार

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडीच्या चाकाला लाकडाचे आरे असतात आणि बाहेरून लोखंडी धाव चढवलेली असते. देखभाल काय, तर आसाला वंगण घालायचं. चाकाला पॉलिश कोणी करत नाही. धाव रस्त्यावर घासून आपोआप चकचकीत राहते.

आता गंमत बघा. जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी 1885 मध्ये पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनवली, जिला आपण मोटरसायकलची आजी म्हणतो. तिची चाकंही अशीच होती, लाकडाची आणि वर लोखंडी पट्टी. म्हणजे मोटरसायकलचा जन्म बैलगाडीच्या चाकांवर झाला म्हणायला हरकत नाही.

पण सायकलवाले तोवर पुढे गेले होते. पॅरिसमधल्या यूजीन मेयरने 1869 मध्ये ताणलेल्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने 1874 मध्ये तारा हबमधून सरळ बाहेर न काढता तिरप्या, एकमेकींना छेदून जाणाऱ्या लावल्या. तुमच्या आमच्या सायकलीत आजही तीच रचना आहे. 1887 मध्ये बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला. आणि 1894 मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर या कंपनीने मोठ्या संख्येने विकायला काढलेल्या पहिल्या मोटरसायकलला हवेचेच टायर होते. नऊ वर्षांत बैलगाडीचं चाक सुटलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. बैलगाडीचा आरा जाड असतो, वजन त्याच्यावर उभं राहतं. तारेचं चाक उलटं चालतं. प्रत्येक तार आधीपासून ताणून ठेवलेली असते, आणि सगळ्या तारांच्या त्या ताणावर चाक गोल राहतं. एक तार तीन ते चार मिलिमीटर जाडीची. लाकडी आऱ्याला जरा भेग पडली तरी चालून जातं. पण इतक्या बारीक तारेला गंजाने खड्डा पाडला तर ताण त्या खड्ड्यापाशी एकवटतो, आणि एक दिवस तार तिथेच तुटते. दुसरं म्हणजे तारेच्या टोकाची निपल गंजून धरली की पंक्चरवाल्याला चाकाचा आऊट काढता येत नाही. तो पाना फिरवायला जातो आणि तार पिळवटते.

म्हणजे चाक हलकं झालं, वेगवान झालं, पण त्याच दिवसापासून गंज हा दिसण्याचा प्रश्न राहिला नाही. तो जिवाचा प्रश्न झाला.

पातळ पातळ थर

मग गंज थांबवायचा कसा? पहिला उपाय रंग. भट्टीत भाजून पक्का केलेला काळा रंग त्या काळच्या सायकली आणि मोटरसायकलींवर सर्रास असायचा. दुसरा उपाय निकेल. विजेच्या मदतीने लोखंडावर निकेलचा थर चढवायचा. निकेल गंजत नाही पण हवेत मंद पडतं, धुरकट होतं. त्यामुळे मालकाला हातात पॉलिश घेऊन बसावं लागायचं.

तिसरा उपाय जस्त, आणि तो मला सगळ्यात जास्त आवडतो. 1824 मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने लाकडी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांवर एक प्रयोग केला. पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला की समुद्राचं पाणी आधी तो तुकडा खातं आणि तांबं वाचतं. 1837 मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेलने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून त्यावर थर चढवण्याचं पेटंट घेतलं. आपल्या बाईकच्या बऱ्याचशा तारांवर असाच जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजतं आणि आतलं पोलाद राखतं. जुन्या तारांवर जी पांढरी भुकटी दिसते, ती नुसती धूळ नाही. पोलादाच्या वाट्याचा मार जस्ताने खाल्ल्याची ती खूण आहे. आणि आम्ल जस्ताला किती लवकर विरघळवतं हे दहावीच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी पाहिलंय. चंचुपात्रात जस्ताचा तुकडा, वरून आम्ल, आणि बुडबुडे. मला मार्क मिळाले होते त्या प्रयोगाचे. तरीही मी तेच बाबांच्या तारांवर केलं.

आता क्रोम. क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रान्सच्या वोक्लँने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी सायबेरियातून आलेल्या लाल खनिजात शोधलं. त्याचे क्षार इतक्या रंगांचे निघाले की नावच रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. पण क्रोमचा चकचकीत थर भरवशाने चढवता यायला 1920 चं दशक उजाडलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांच्या प्रयोगांनी ते जमवलं. पुढच्या दहा एक वर्षांत मोटारींचे बंपर, सायकलींचे हँडल आणि मोटरसायकलींच्या रिम क्रोमने चमकायला लागल्या.

आपल्याला वाटतं रिमवर जाडजूड क्रोम असतं. नाही. लोखंडावर आधी निकेलचा थर असतो, साधारण दहा ते वीस मायक्रॉनचा किंवा थोडा जास्त. त्याच्यावर क्रोम, आणि ते किती, तर अर्धा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी. आपला एक केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. म्हणजे ज्या चमकेवर आपण भाळतो ती केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी पातळ आहे. गंज अडवायचं खरं काम खालचं निकेल करतं. क्रोम त्याला मंद पडू देत नाही आणि ओरखड्यांपासून वाचवतं. शिवाय त्या क्रोममध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. खारट पाणी त्यांच्यात शिरतं, निकेलमध्ये वाट काढतं आणि लोखंडापर्यंत पोचतं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून खालून दाब येऊन वरचा पापुद्रा सुटतो. तुम्हाला दिसणारा तपकिरी ठिपका हा आत खोदलेल्या बिळाचं तोंड असतो.

आणि हायड्रोक्लोरिक आम्ल? टॉयलेटच्या अनेक लिक्विडमध्ये तेच असतं. ते क्रोम विरघळवतं. काका अगदी खरं बोलत होते. मला जी पिवळट छटा दिसली ती उघड्या पडलेल्या निकेलची होती. जिथे निकेलही आधीच फुटलं होतं तिथे आम्ल थेट लोखंडावर गेलं, आणि रात्रभरात आमच्या खाऱ्या हवेने उरलेलं काम केलं.

चमक कोणाच्या जिवावर?

पण क्रोमची गोष्ट नुसती सुंदर नाही. क्रोम चढवायच्या टाकीत पारंपरिक पद्धतीने ज्या रूपात क्रोमियम असतं, त्याला षट्‌संयुजी क्रोमियम म्हणतात. ते कॅन्सर करणारं आहे. टाकीतून उडणाऱ्या बारीक तुषारांमुळे प्लेटिंगच्या कारखान्यांत कामगारांच्या हातांवर न भरणारे व्रण उठायचे, आणि नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडायचं. हा त्या धंद्याचा ओळखीचा आजार होता. आज युरोपात या रसायनाच्या वापरावर कडक बंधनं आहेत.

त्यामुळे "खराब झालं तर परत क्रोम मारून आणू" हे वाक्य आता मला सहज म्हणता येत नाही. तो अर्धा मायक्रॉन कोणीतरी श्वास पणाला लावून चढवलेला असू शकतो. जो थर आहे तो टिकवणं हे फक्त आपल्या खिशाचं काम नाही.

क्रोम ही हक्काची गोष्टही कधी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या मोटरसायकली चाकांसकट मळकट रंगात रंगवल्या गेल्या. चमकणारी रिम म्हणजे शत्रूला दिलेली खूणच. नंतर कोरियातल्या युद्धाच्या काळात, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, निकेलची टंचाई झाली, आणि ब्रिटिश कंपन्यांनी क्रोम आखडतं घेऊन रिम पुन्हा रंगवायला घेतल्या.

आपल्याकडे काय चाललं होतं? 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. 1960 च्या सुमारास म्हैसूरला रुस्तम इराणींची आयडियल जावा उभी राहिली, जिथे पुढे येझदी बनली. 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. लायसन्स राजच्या त्या काळात गाडी घेणं म्हणजे नंबर लावून वाट बघणं. घेतलेली गाडी वीस वीस वर्षं चालवायची हे ठरलेलंच. म्हणून त्या पिढीतल्या लोकांना चाक पुसायची सवय लागली. त्याला हौस म्हणा, पण त्यात धास्तीही होती. पुढची गाडी कधी मिळेल कोणाला माहीत?

आणि तेलकट फडकं? त्यात जादू नव्हती. तेल पाण्याला तारेपर्यंत पोचू देत नाही, बस. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात कोयता, पहार, दाराच्या कड्या यांना तेलाचा हात फिरवतात, तेच बाबा तारांना करत होते. आजीचा लोखंडी तवा आठवा. ती तो घासून चकचकीत करायची का? नाही. धुवायची, कोरडा करायची, तेलाचं बोट फिरवून ठेवायची.

मग आले अ‍ॅलॉय

आता तुमच्यातले अर्धे जण म्हणत असतील, आमच्या बाईकला तारा नाहीतच, अ‍ॅलॉय व्हील आहेत. बरोबर. त्यांच्याकडे वळू.

अ‍ॅल्युमिनियम एकेकाळी महागडा धातू होता. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी, एकमेकांना न ओळखता, ते विजेच्या मदतीने स्वस्तात काढायची एकच पद्धत शोधली. अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. इटलीत मिलानच्या बोरानी कंपनीने 1922 पासून चाकं बनवायला घेतली, आणि तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिम रेसिंगवाल्यांच्या लाडक्या झाल्या. पण तिथेही तारा होत्याच. रिम, आरे आणि हब सगळं एकसंध ओतलेलं चाक आधी रेसिंगमध्ये रुळलं, आणि 1970 च्या दशकात शोरूममधल्या गाड्यांवर आलं. 1976 ची यामाहा आरडी 400 ही त्यातली एक गाजलेली गाडी.

आपल्याकडे ही लाट यायला आणखी पाव शतक लागलं. 2003 ची हिरो होंडा करिझ्मा अ‍ॅलॉय व्हील घेऊन आली. 2005 मध्ये बजाजने पल्सरला सतरा इंची अ‍ॅलॉय व्हील सरसकट दिली. पुण्याच्या आसपासच्या कॉलेजांच्या पार्किंगमध्ये तेव्हापासून चाकांचा रंगच बदलला. चंदेरी तारा गेल्या, काळे पाच-सहा आरे आले.

सगळ्यांना वाटलं, चला, गंजाची कटकट गेली. अर्धं खरं आहे. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर आपोआप तयार होतो. ओरखडा पडला तरी तो लगेच भरून येतो. जखमेवर खपली धरावी तसा. 1923 मध्ये इंग्लंडमध्ये बेंगॉ आणि स्ट्युअर्ट यांनी तो थर विजेने जाड करायची पद्धत काढली. कशासाठी? पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे भाग समुद्राच्या मिठापासून वाचवायला. त्यालाच अ‍ॅनोडायझिंग म्हणतात.

पण या थराचेही दोन शत्रू आहेत. एक तीव्र आम्ल, दुसरा तीव्र अल्कली. दुसरा तुमच्या स्वयंपाकघरातच दिसेल. अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरमध्ये पाणी उकळलं की आतून काळं पडतं, म्हणून आई त्यात लिंबाची साल टाकते. पाणी किंचित आंबट झालं की काळेपणा थांबतो. याच कारणाने कॉस्टिक सोड्याचं जोरदार डिग्रीझर अ‍ॅलॉय व्हीलला लावायचं नाही. चिकट तर निघेल, पण उघड्या धातूवर डाग राहील.

शिवाय आपल्या अ‍ॅलॉयवर कारखान्यातून रंग किंवा पारदर्शक लॅकर आलेलं असतं. खडी उडून त्याचा टवका गेला की खारट ओल आत शिरते आणि लॅकरखाली किड्यासारख्या नागमोडी रेघा सरकत जातात. आणि टायर जिथे रिमला घट्ट बसतो तिथे धातू खाल्ला गेला तर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू उतरते. पंक्चर सापडत नाही, दर आठवड्याला हवा मात्र कमी. बऱ्याच जणांची ही तक्रार टायरची नसतेच.

अजून एक नवी घाण आली, डिस्क ब्रेकची. 1969 च्या होंडा सीबी 750 ने पुढचा डिस्क ब्रेक सामान्य ग्राहकापर्यंत आणला, आणि आपल्याकडे 1999 च्या हिरो होंडा सीबीझेडने त्याची ओढ लावली. ड्रम ब्रेकचा भुगा ड्रममध्येच राहायचा. डिस्क उघडी असते, तिचा आणि पॅडचा लोखंडी भुगा गरम गरम उडतो आणि रिमला चिकटतो. मग तोच गंजतो. म्हणजे न गंजणाऱ्या चाकावर बाहेरून येऊन बसलेला गंज! बाजारात जांभळं होणारं व्हील क्लीनर मिळतं, ते या लोखंडाशी संयोग पावून रंग बदलतं. त्याला तो विचित्र कुजका वास का येतो माहितीये? त्यातल्या थायोग्लायकोलेटचं भावंड केस काढायच्या क्रीममध्ये असतं. पुढच्या वेळी वास घेऊन बघा.

तर करायचं काय?

इतिहास बास, आता हातात फडकं घ्या. पहिली गोष्ट, गाडी बंद. स्टँडवर लावून गिअरमध्ये चाक फिरत ठेवून पुसणारे महाभाग मी पाहिलेत. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं तर परत येत नाही.

चाक गार होऊ द्या, गाडी सावलीत घ्या. आधी नुसतं पाणी, भरपूर. आधी ब्रश मारला तर वाळूचे कण पॉलिश पेपरचं काम करतात. मग बादलीत गाडीचा सौम्य शॅम्पू आणि मऊ ब्रश. मागच्या चाकावर चेनच्या तेलाचा काळा राप असतो, तो फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन निघतो. पण ते डिस्क, पॅड आणि ड्रमच्या आसपासही जाता कामा नये. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप हबवर रोखू देऊ नका. पाणी सीलमधून बेअरिंगमध्ये जातं आणि ग्रीस धुऊन निघतं.

क्रोम रिमवर गंजाचे ठिपके असतील तर पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ आहे, गंज उतरवतं आणि क्रोमला सहसा ओरखडे पाडत नाही. भांडी घासायची तारेची घासणी नको. टॉयलेटचं लिक्विड तर नकोच नको, आणि ते ब्लीचमध्ये मिसळून तर कधीच नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

मग कोरडं करा. खरं काम इथे आहे, आणि बहुतेक जण इथेच उठून जातात. कोरड्या रिमला, क्रोम असो की अ‍ॅलॉय, गाडीच्या वॅक्सचा पातळ हात. तारा असतील तर तेलाचं फडकं, निपलपाशी एकेक थेंब. टायरला चमकवायचं लिक्विड दुचाकीला लावू नका. ते रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आलं की पहिल्याच वळणावर गाडी घसरू शकते. समुद्राजवळ राहत असाल तर आठवड्यातून एकदा नुसत्या गोड्या पाण्याने चाक धुतलंत तरी निम्मी लढाई जिंकलीत.

या सगळ्यामागे एकच गोष्ट आहे. प्रत्येक चाकाला एक कातडी असते. कधी रंगाची, कधी जस्ताची, कधी अर्ध्या मायक्रॉन क्रोमची, कधी लॅकरची. चाक साफ करणं म्हणजे कातडी न सोलता तिच्यावरची घाण काढणं. त्यासाठी आधी माहीत हवं की आपल्या चाकाची कातडी कोणती. तांब्याला चिंच, तव्याला तेल, कुकरला लिंबाची साल हे घरात सगळ्यांना कळतं. बाईकपाशी आलो की आपण सगळ्यांवर एकच बाटली उपडी करतो.

आणि बाबा

येझदीचं काय झालं ते सांगून थांबतो. काकांनी रिम तपासली. पोलाद शाबूत होतं. तारा मात्र सगळ्या बदलायला लागल्या. क्रोम परत मारायचं का, असं त्यांनी विचारलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "नको. आहे तशी घासून रंग मारा." काळा रंग मारला. जुन्या सायकलीसारखा.

नव्या तारा भरताना बाबा काकांच्या शेजारी स्टुलावर बसले होते. चाक फिरत होतं, काका एकेक निपल पिळत आऊट काढत होते, आणि कोणी फारसं बोलत नव्हतं. मी शेवटी म्हटलंच, "बाबा, सॉरी. तुमचा शेवटचा दिवस होता." ते म्हणाले, "शाळेचा होता. गाडीचा नव्हता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू कधी विचारलंच नाहीस."

ते खरं आहे. मी वोक्लँ आणि डेव्हीपर्यंत जाऊन आलो. घरात तीस वर्षं चाललेलं काम मात्र एकदाही जवळ बसून पाहिलं नव्हतं.

मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा रविवारी अंगणात बसलो. बाबांनी डबा उघडला, फडक्याचा अर्धा तुकडा फाडून माझ्या हातात दिला. पुढचं चाक त्यांनी घेतलं, मागचं मी. मागचं जास्त घाण असतं, हे मला तेव्हा कळलं.

तुमच्या घरीही अशी एखादी गाडी असेल, आणि तिला पुसणारं कोणीतरी. या रविवारी जरा शेजारी जाऊन बसा. भेटू पुढच्या भागात.